हायड्रेंजिया हलवायचा, पण कधी?

हायड्रेंजियाची जागा चुकली आहे हे आपल्या लक्षात येतं ते नेमकं चुकीच्या मोसमात. ऐन उन्हाळ्यात दुपारी तीनच्या सुमारास बघावं तर झुडपानं मान टाकलेली असते, तळहाताएवढी पानं ओल्या फडक्यासारखी लोंबत असतात. 'इथे याला ऊन सोसत नाही' हा साक्षात्कार तेव्हा होतो आणि हात फावड्याकडे जातो. फावडं तूर्त भिंतीला टेकवून ठेवा. जागा बदलायचं खुशाल ठरवा, पण खड्डा खणायला अजून काही महिने आहेत.

हे मी अनुभवानं सांगतेय. कळ्या उमलायला आलेलं, कमरेएवढं झुडूप मी एकदा भर उन्हाळ्यात उकरून दहा पावलांवरच्या सावलीत नेलं. काम संध्याकाळी केलं, पाणीही भरपूर दिलं. चौथ्या दिवशी फुलांच्या कडा तपकिरी झाल्या आणि आठवड्याभरात खालची पानं गळाली. मग 'मुळांवरचा भार हलका करावा' म्हणून मी शहाणपणानं फांद्या गुडघ्यापर्यंत छाटल्या. झाड मेलं नाही, पण पुढच्या वर्षी त्यावर एकही फूल आलं नाही. दोन चुका होत्या, आणि दोन्ही वेळेच्या.

झोपलेलं झाड उचलायचं

बागेत लावतात ते बहुतेक हायड्रेंजिया पानगळीचे. थंडी पडायला लागली की पानं पिवळी होऊन गळतात, आणि वसंतात डोळे (फांदीवरचे मिटलेले अंकुर) फुटेपर्यंत नुसत्या काड्या उभ्या असतात. शेवटचं पान गळाल्यापासून डोळे फुगू लागेपर्यंतचा हाच काळ हलवण्याचा.

याचं कारण मुळांत आहे. हायड्रेंजियाला खोल जाणारं सोटमूळ नसतं. मुळं केसांसारखी बारीक, उथळ आणि आडवी पसरलेली, बहुतेक सगळी वरच्या फूटभर मातीत. कितीही जपून उकरलं तरी त्या जाळ्याचा मोठा भाग जुन्या जागी तुटून राहतोच. पानं मात्र रुंद, पातळ आणि पाण्याची उधळपट्टी करणारी. ती अंगावर असताना मुळं तोडली की खर्च तेवढाच राहतो आणि आवक बुडते. पानंच नसली तर खर्च जवळजवळ नाही, आणि मुळांना नव्या मातीत हातपाय पसरायला सवड मिळते.

आता हे पानगळ संपताच करायचं की हिवाळा सरताना? जिथे हिवाळा सौम्य असतो आणि जमीन गोठत नाही किंवा वरवरच गोठते, तिथे मी डोळे मिटून पानगळीनंतरचा काळ निवडेन. हवा गार झालेली असते, पण मातीनं उन्हाळ्याची ऊब धरून ठेवलेली असते. वर सामसूम आणि खाली मुळांचं काम चालू, असे काही आठवडे त्यात मिळतात. मात्र जमीन कडक गोठण्याआधी ४ ते ६ आठवडे हाताशी हवेत. तेवढे नसतील तर थांबा, कारण माती गोठते-वितळते तसं नुकतं लावलेलं झाड हळूहळू वर उचललं जातं आणि उघडी पडलेली मुळं थंड वाऱ्यानं वाळतात. अशा कडक थंडीच्या ठिकाणी हिवाळा ओसरताना, जमिनीत फावडं जाऊ लागताच, डोळे मिटलेले आहेत तोवर काम उरकावं.

उष्ण प्रदेशात, जिथे दंव पडतच नाही, तिथे हायड्रेंजिया पुरता झोपत नाही. थोडी पानं टिकतात, वाढ मंदावते, इतकंच. तिथे वर्षातला सगळ्यात गार काळ सुरू होताना हलवा, म्हणजे कडक उन्हं येईपर्यंत मुळांना जास्तीत जास्त दिवस मिळतात. पावसाळी ढगाळ हवा मोहात पाडते खरी, पण संततधारेत मातीचा चिखल झालेला असतो. मुळांभोवतीचा गोळा हातात टिकत नाही आणि तुटलेली मुळं साचलेल्या पाण्यात कुजतात. वाफसा आल्याशिवाय, म्हणजे पाणी ओसरून माती नुसती ओलसर उरल्याशिवाय, मातीत हात घालू नका.

महिन्यांची नावं मी मुद्दाम देत नाहीये. विषुववृत्ताच्या एका बाजूला ऑक्टोबर हा पानगळीचा महिना, तर दुसऱ्या बाजूला वसंताचा. त्यापेक्षा फांदीकडे बघा. टोकाचा डोळा दोन बोटांत धरा. टणक आणि घट्ट मिटलेला असेल तर झाड झोपेत आहे. डोळा फुगून टोकाशी हिरव्या पानांच्या घड्या सुटायला लागल्या असतील तर फार तर आठवडाभर उरलाय. पानं बोटाच्या पेराएवढी झाली की या खेपेचा विचार सोडून द्या.

तुमचा हायड्रेंजिया कोणता?

मोठ्या गोल गेंदांचा, किंवा मधोमध बारीक कळ्या आणि कडेनं चपट्या फुलांची झालर असलेला जो हायड्रेंजिया बहुतेक बागांत दिसतो, तो मॅक्रोफिला. त्याचा पुढच्या वर्षीचा बहर उन्हाळा सरता सरताच फांद्यांच्या टोकाशी तयार होऊ लागतो. हिवाळ्यात वाळक्या दिसणाऱ्या त्या काड्यांवरचा टोकाचा जाडसर डोळा ब्लेडनं उभा चिरून भिंगाखाली धरला, तर पानांच्या घड्यांमध्ये कळ्यांचा अगदी बारीक, दाणेदार झुपका दिसतो. एक डोळा वाया जातो, पण हे एकदा बघितलं की कात्री चालवताना हात आपोआप आखडतो. माझी दुसरी चूक हीच होती. गुडघ्यापर्यंत छाटलेल्या आणि मुळं तुटलेल्या त्या झाडाला उन्हाळा संपण्याआधी नव्या फांद्या पिकवून त्यांच्या टोकाला कळ्या भरणं जमणारच नव्हतं.

सेराटा, ओकसारख्या पानांचा क्वेर्सिफोलिया आणि भिंतीवर चढणारा वेल-हायड्रेंजिया हेही जुन्या फांदीवर फुलणारे. शंकूसारख्या तुऱ्यांचा पॅनिक्युलाटा आणि पांढऱ्या गेंदांचा आर्बोरेसेन्स (ॲनाबेल ही त्याची सुप्रसिद्ध जात) मात्र नव्या फुटीवर फुलतात. ते हिवाळा सरताना हलवून थोडे छाटले तरी त्याच वर्षी फूल दिसू शकतं.

हलवायला सगळ्यात सोशिक आर्बोरेसेन्स. क्वेर्सिफोलियाला पायाशी पाणी साचलेलं अजिबात चालत नाही. जुना, भिंतभर पसरलेला वेल-हायड्रेंजिया मात्र हलवू नयेच. तो मुळातच रुजायला दोन-तीन वर्षं घेतो, आणि भिंतीला चिकटलेली हवेतली मुळं सोडवताना निम्म्या फांद्या जातात. त्याचं कलम करून नवीन रोप लावणं बरं.

खरंच हलवायची गरज आहे का?

'फुलत नाही म्हणून जागा बदलतोय' असं कुणी म्हटलं की मी आधी छाटणी कधी केली ते विचारते. मॅक्रोफिला न फुलण्याचं कारण बरेचदा जागेत नसतं. कुणीतरी हिवाळ्यात 'साफसफाई' करताना फांद्यांची टोकं उडवलेली असतात, नाहीतर उशिराच्या दंवानं डोळे जाळलेले असतात. पहिल्यावर उपाय म्हणजे एक वर्ष कात्री कपाटात ठेवणं.

दुपारी पानं लोंबतात पण सूर्य कलला की पुन्हा ताठ होतात, एवढंच असेल तर पायाशी आच्छादन घालून बघा. पण दुपारचं ऊन थेट अंगावर येऊन पानांच्या कडा करपत असतील, मोठ्या झाडाची मुळं सगळं पाणी ओढून घेत असतील, पायाशी पाणी तुंबत असेल किंवा झुडूप वाटेवर आडवं येत असेल, तर हलवलेलं चांगलं.

नवी जागा आधी, खणणं नंतर

मॅक्रोफिलाला सकाळचं कोवळं ऊन आणि दुपारनंतर सावली अशी जागा मानवते. पॅनिक्युलाटा सगळ्यांत जास्त ऊन सोसतो. दाट काळोख्या सावलीत झाडं जगतात, पण फुलायला कुरकुरतात. ठरवलेल्या जागी कुठल्याही सुट्टीच्या दिवशी सकाळपासून दर दोन तासांनी चक्कर मारून ऊन कुठवर येतं ते बघा. पाहणी हिवाळ्यात करत असाल तर लक्षात ठेवा, उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असतो आणि पानगळीची झाडं सावली धरतात. तेव्हाचं चित्र वेगळं असतं.

निचरा तपासायला फूटभर खोल खड्डा घ्या, पाण्यानं भरा, जिरू द्या, मग पुन्हा भरा. दुसऱ्या वेळचं पाणी काही तासांत उतरलं तर जागा ठीक. दुसऱ्या दिवशीही डबकं दिसलं तर उंचवटा करून लावा किंवा जागाच बदला.

आणखी एक गंमत आधीच सांगून ठेवते, म्हणजे नंतर धक्का बसणार नाही. मॅक्रोफिला आणि सेराटा यांच्या निळ्या-गुलाबी फुलांचा रंग मातीवर ठरतो. सामू (pH, म्हणजे मातीच्या आम्लतेचं माप) ५.५ च्या खाली असेल तर मातीतलं ॲल्युमिनियम मुळांना मिळतं आणि फुलं निळी येतात. सामू ६.५ च्या वर गेला की गुलाबी, आणि अधेमधे जांभळट. त्यामुळे निळा हायड्रेंजिया सिमेंटच्या भिंतीच्या किंवा फरशीच्या कडेला नेऊन लावला, की सिमेंटमधून झिरपणाऱ्या चुन्यामुळे वर्षा-दोन वर्षांत तो गुलाबीकडे झुकू शकतो. झाड आजारी नाही, फक्त पत्ता बदललाय. पांढऱ्या जाती या खेळात भाग घेत नाहीत.

जुन्या झाडाची आगाऊ तयारी

दोन-तीन वर्षांच्या झुडपाला ही पायरी लागत नाही. पण सहा-सात वर्षं एका जागी ठाण मांडून बसलेलं झाड असेल तर हलवण्याच्या काही महिने आधी त्याची मुळं छाटून ठेवा. पानगळीनंतर हलवायचं असेल तर वसंताच्या सुरुवातीला, आणि वसंताआधी हलवायचं असेल तर त्याआधीच्या पानगळीच्या सुमारास.

खोडाभोवती जेवढा गोळा उचलायचा आहे त्याहून थोडं आतून एक वर्तुळ आखा. धारदार फावडं त्या रेषेवर उभं, सरळ, पात्याच्या पूर्ण खोलीएवढं दाबा आणि तसंच वर काढा. झाड उपटायचं नाही, काही उकरायचं नाही, फक्त काप घ्यायचे. कापलेल्या टोकांपाशी बारीक मुळांचे नवे झुपके फुटतात, आणि हलवताना ते गोळ्याच्या आत तुमच्याबरोबर येतात. मधल्या काळात या झाडाला पाण्याची हयगय नको.

उकरण्याचा दिवस

आदल्या दिवशी झाडाला पोटभर पाणी द्या. कोरडी माती मुळांवरून झडते, चिखल घसरतो. मुठीत दाबल्यावर ढेकूळ व्हावं आणि बोटानं टोचल्यावर फुटावं, इतपत ओल हवी.

नवा खड्डा आधी तयार ठेवा. झाड उघड्या मुळांनी वाट बघत पडलंय आणि आपण पहार शोधतोय, हे दृश्य नको. खड्डा गोळ्याच्या दुप्पट रुंद, पण खोली गोळ्याएवढीच. जास्त खोल खणून पुन्हा भरलेली माती नंतर बसते आणि तिच्याबरोबर झाडही खाली जातं.

फांद्या सुतळीनं सैलसर एकत्र बांधा. टोकाचे डोळे मोडायला शर्टाच्या बाहीचा धक्काही पुरतो. हातमोजे घाला, कारण काहींच्या त्वचेला या झाडाची खाज सुटते. तोडलेली पानं-फांद्या पाळीव जनावरांच्या तोंडी लागू देऊ नका, हायड्रेंजियाचे सगळे भाग खाल्ल्यास विषारी असतात.

मीटरभर उंचीच्या झुडपाला ५० ते ६० सेंमी रुंद आणि ३० सेंमी खोल गोळा हवा. इथे थोडा हिशेब करा. ६० सेंमी रुंद आणि ३० सेंमी खोल गोळा म्हणजे जवळपास ८५ लिटर माती. ओलसर माती लिटरला दीड किलो धरली तर सव्वाशे किलोच्या घरात. खाली निमुळता झाला म्हणून काही किलो कमी होतील, पण एकट्यानं उचलायचं हे काम नाही. आधी माणूस बोलावा, मग खणा.

गोळ्याच्या रुंदीचं वर्तुळ आखा आणि त्याच्या बाहेरून वीतभर रुंद चर खणत जा. चर फूटभर खोल झाला की फावडं तिरपं करून गोळ्याच्या खाली घाला आणि चहूबाजूंनी थोडं थोडं तोडत या. एका बाजूनं पहारेनं उचकटायचा मोह होतो, तसं केलं की गोळा मधोमध दुभंगतो. तळाशी एखादं जाड मूळ अडलं तर हिसडे देऊ नका, छाटणीच्या कात्रीनं स्वच्छ कापा. गोळा हलायला लागला की एका बाजूला कलंडवा, रिकाम्या जागेत ताडपत्री किंवा गोणपाट अर्धं गुंडाळून सरकवा, मग दुसऱ्या बाजूला कलंडवून उरलेलं उलगडा. आता झाड ताडपत्रीवर बसलं. खोड धरून कधीच उचलू नका. वजन ताडपत्रीवर, ओढणं ताडपत्रीला.

लावताना

गोळा खड्ड्यात ठेवल्यावर त्यावर एक काठी आडवी धरा. गोळ्याचा माथा आजूबाजूच्या जमिनीच्या पातळीत किंवा बोटभर वर हवा. खोडाचा बुंधा मातीत गाडला गेला तर तो कुजतो. झाडाची चांगली बाजू कोणती ते आत्ताच बघून फिरवून घ्या, नंतर फिरवता येत नाही.

खणून निघालेलीच माती परत भरा. फारच हलकी किंवा चिकट असेल तर त्यात कुजलेलं कंपोस्ट मिसळा, पण खड्डाभर नुसतं खत-कंपोस्ट भरू नका. मुळं त्या मऊ गादीत गुरफटून बसतात, बाहेरच्या मातीत शिरायचं नाव काढत नाहीत. अर्धी माती भरली की पाणी ओता, बुडबुडे येऊन पोकळ्या बुजू द्या, मग उरलेली भरा. पायानं तुडवून घट्ट करू नका, हातानं दाबा. भोवती आळं करा, पुन्हा पाणी द्या आणि ५ ते ७ सेंमी पालापाचोळ्याचं किंवा सालीच्या तुकड्यांचं आच्छादन घाला. बुंध्याभोवती चार बोटं जागा मोकळी सोडा.

रासायनिक खत या दिवशी अजिबात नको. तुटलेल्या मुळांना ते भाजतं. छाटणीही नको, मोडलेल्या आणि मेलेल्या फांद्या काढा, एवढंच. मॅक्रोफिलाचे वाळलेले गेंद वसंतापर्यंत राहू दिले तर खालच्या डोळ्यांना दंवापासून थोडा आडोसा मिळतो.

थांबणं शक्यच नसेल तर

घर बदलायचंय, खोदकाम सुरू होतंय, उद्या इथे भिंत उभी राहणार आहे. अशा वेळी उन्हाळ्यातही हलवावं लागतं. मग सगळ्यात आधी कलमं घ्या. फूल न आलेल्या कोवळ्या फांदीचे १० ते १५ सेंमीचे तुकडे पेराच्या खाली कापा, खालची पानं काढा, वरची अर्धी कातरा, आणि ओलसर, भुसभुशीत माध्यमात सावलीत खोवून ठेवा. साधारण महिन्याभरात मुळं धरतात. हा तुमचा विमा.

मग ढगाळ दिवस किंवा संध्याकाळ गाठा. एरवीपेक्षा मोठा गोळा घ्या. सगळी फुलं आणि कळ्या काढून टाका, जीव तुटतो पण काढा. फांद्या ठेवा. लावल्यावर काठ्या रोवून वर पांढरं कापड किंवा सावलीची जाळी दोन-तीन आठवडे ताणून ठेवा. नवी जागाच तयार नसेल तर झाड मोठ्या कुंडीत बसवून सावलीत ठेवा आणि पानगळीनंतर सावकाश जमिनीत लावा. घाईघाईनं वाईट जागी लावून वर्षभरात पुन्हा उकरण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

पहिलं वर्ष

हायड्रेंजियाच्या नावातलं 'हायड्र' म्हणजे ग्रीकमधलं पाणी, पण नावाचा तहानेशी संबंध नाही. बीजकोश पाण्याच्या घड्यासारखे दिसतात म्हणून ते नाव पडलं. तहान मात्र खरी आहे. पालवी फुटल्यापासून पहिला उन्हाळा सरेपर्यंत हे झाड तुमच्यावर अवलंबून असतं. रोज शिंपडण्यापेक्षा दोन-तीन दिवसांआड सावकाश, खोलवर पाणी द्या, मीटरभर झुडपाला एका वेळी १० लिटरच्या आसपास. द्यायचं की नाही हे बोट सांगेल: गोळ्याच्याच मातीत दोन पेरं खुपसा, कोरडं लागलं तर द्या. बाहेरची माती ओली आणि गोळा आतून कोरडा, असं बरेचदा होतं.

दुपारी लोंबणारी पानं बघून घाबरू नका. पहाटे बघा. पहाटेही लोंबत असतील आणि माती कोरडी असेल तर पाणी कमी पडतंय. पहाटे लोंबतायत आणि माती ओलीगच्च आहे, तर मुळं गुदमरतायत. अशा वेळी आणखी पाणी घातलं की कारभार आटोपला. आच्छादन बाजूला करा, मातीला हवा लागू द्या, ती सुकू द्या.

पहिल्या वर्षी फुलं कमी येतील, कदाचित येणारही नाहीत. पानं नेहमीपेक्षा लहान दिसतील. खत देण्याची घाई अजूनही नको. पुढच्या वसंतात पातळ थर कंपोस्टचा, तेवढं पुरे.

वसंत उलटला आणि एखादी फांदी तशीच उघडीबोडकी उभी असेल तर तिची साल नखानं जरा खरवडा. आत हिरवं दिसलं तर ती जिवंत आहे, राहू द्या. तपकिरी आणि कोरडं असेल तर हिरवं लागेपर्यंत खाली खाली खरवडत जा आणि तिथल्या डोळ्याच्या वर कापा. सगळ्याच फांद्या मेलेल्या निघाल्या तरी झाड उपटू नका. बुंध्याशी मातीतून नवे फुटवे यायला कधीकधी उन्हाळा अर्धा सरतो.